पोपटांचे संकर: पिंजऱ्यातले आणि रानातले

मंडळी, विषय रानातल्या संकर पोपटांचा आहे. पण आधी पिंजऱ्यापाशी थांबू, खरी गोम तिथे आहे.

लव्हबर्ड या छोट्या पोपटांमधल्या पीचफेस आणि फिशर या दोन जाती घ्या. पीचफेस मादी सालीच्या पट्ट्या कातरते, पाठीमागच्या पिसांत खोचते आणि घरट्यात नेते. फिशर पट्टी चोचीत धरून नेते. १९६०च्या आसपास विल्यम डिल्गर यांनी कॉर्नेल विद्यापीठात या दोघांचा संकर केला. संकरित मादी पट्टी सुरेख कातरायची, मान मागे वळवून खोचायची. पण चोचीतून पट्टी सोडायचीच नाही, नाहीतर पट्टी अर्धवट खोचली जाऊन गळायची. की पुन्हा पहिल्यापासून! चोचीतून न्यायला ती नीट शिकेपर्यंत काही वर्षं गेली, आणि तरी मान वळवण्याची लकब पुरती गेली नाहीच. बिचारीची दोन्ही बाजूंनी ओढाताण. वर हे संकर वांझ.

आपल्याकडे हे होतं कसं? जोडीतला एक मेला, बाजारात त्याच जातीचा मिळेना, मग ‘दोन्ही लव्हबर्डच की’ म्हणून दुसरा सोडतात. एकटा पक्षी समोर येईल त्याच्याशी जोडी बांधतो. पीचफेसच्या डोळ्याभोवती पांढरं कडं नसतं, फिशरच्या ठसठशीत असतं. पिल्लाचं कडं बारीक, पुसट दिसलं की समजा. फिशर आणि मास्क (लव्हबर्डचीच आणखी एक जात) यांचा संकर मात्र वांझ नसतो, म्हणून मला त्याची जास्त भीती वाटते. दोन-तीन पिढ्यांत भेसळ डोळ्यांना दिसेनाशी होते आणि पक्षी ‘शुद्ध फिशर’ म्हणून विकला जातो. तेव्हा एका पिंजऱ्यात एकच जात ठेवा. पिल्लू दहाएक दिवसांचं झालं की पायात ओळखीची बंद (न उघडणारी) कडी घाला आणि आईबापांची नोंद वहीत करा. नको असलेली अंडी नुसती उचललीत तर मादी पुन्हा घालते. त्या जागी खोटी अंडी ठेवा.

वेळ संपत आली, अशी खूण होतेय. रानाचं भराभर सांगतो.

रानातही संकर होतात, पण बहुधा जोडीदार दुर्मीळ झाला की. ब्राझीलमधल्या रानातल्या शेवटच्या स्पिक्स मकाव (निळा, मोठा पोपट) नराला आपल्या जातीची मादीच उरली नव्हती. त्याने दुसऱ्या जातीच्या मकाव मादीशी जोडी बांधली. २००० साली तोही दिसेनासा झाला. फिशर आणि मास्क मूळचे टांझानियातले, तिथे त्यांचे मुलूख वेगळे. केनियात नैवाशा तळ्याकाठी माणसाने आणलेले दोघे एकत्र आले आणि मिसळले. आपल्या देशातल्या पोपटांच्या जपून ठेवलेल्या कातड्यांवरून पक्षिसंग्राहक रॉथ्सचाइल्ड यांनी १८९५ मध्ये एक ‘नवी’ पोपटजात वर्णिली. ती तोई पोपट (नराचं डोकं जांभळट-गुलाबी) आणि हिमालयातला करड्या डोक्याचा पोपट यांचा संकर आहे, हे १९९९ मध्ये दाखवलं गेलं.

आता गोव्याचं. मोले, बोंडला, नेत्रावळी इथे तोई आणि निळ्या पंखांचा मलबारी पोपट दोन्ही दिसतात. वयात येणाऱ्या तोई नराचं डोकं ठिपक्याठिपक्यांचं असतं, त्याचा फोटो ‘संकर’ म्हणून फिरतो. डोकं सोडा, चोच बघा: तोईच्या नरमादी दोघांचीही वरची चोच पिवळी; मलबारी नराची लाल, मादीची काळपट. आणि हे पाहायचं ते रानातच. देशी पोपट पाळायला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, जोडी लावून बघायचा तर प्रश्नच नाही.