भिंतीवरची पांढरी पूड आणि उन्हातला हायड्रोजन

नमस्कार मंडळी. दुपारचे दोन वाजलेत, मी गच्चीवर उभा आहे, आणि सोलापूरचं ऊन काय असतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. हा कठडा बघा. कितीतरी उन्हाळे खाल्लेला पांढरा रंग. यावरनं तळहात फिरवतो... ही बघा, पांढरी पूड हाताला लागली.

रंगाला पांढरेपणा देतं ते टायटॅनियम डायऑक्साइड. ऊन पडलं की तेच रंगाचा चिकट भाग हळूहळू कुरतडतं आणि रंग भुकटी होऊन सुटतो. या पुडीची हीच खोड पाणी फोडायला, म्हणजे त्यातला हायड्रोजन वेगळा काढायला, कामी येते. जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी 1972 मध्ये जगाला ते दाखवलं.

मग इतकी वर्षं घोडं अडलं कुठं? यातल्या इलेक्ट्रॉनला जागचा हलवायला साधारण 3.2 इलेक्ट्रॉन-व्होल्ट (हे ऊर्जेचं माप) लागतात. तेवढा जोर फक्त अतिनील किरणांत, आणि ते उन्हात जेमतेम चार-पाच टक्के. बाकीचं ऊन नुसतंच तापवून जातं.

इथं डोपिंग येतं. म्हणजे पुडीत परके अणू थोडेसे मिसळायचे. नायट्रोजन मिसळला की इलेक्ट्रॉनला मधे एक पायरी मिळते, उडी लहान होते. आणि मला यात सगळ्यात भावतं ते हे, की पांढरी पूड फिकट पिवळी होते! पिवळी दिसते, कारण आता ती निळा प्रकाश गिळतेय.

पण मिसळ जास्त झाली तर तेच अणू खड्डे बनतात, इलेक्ट्रॉन त्यात अडकतो आणि पाण्यापर्यंत पोचतच नाही. कण नॅनो, म्हणजे अतिशय बारीक, ठेवतात तेही यासाठीच, पृष्ठभाग जवळ असावा म्हणून.

जपानमध्ये 100 चौरस मीटरवर पाणी फोडणारे पॅनेल प्रत्यक्ष उन्हात चालवले, 2021 मध्ये त्याचा अहवाल आला. पदार्थ होता ॲल्युमिनियम मिसळलेलं स्ट्रॉन्शियम टायटनेट. तेही अतिनील किरणांवरच चालतं, त्यामुळे कार्यक्षमता, म्हणजे उन्हातल्या ऊर्जेपैकी हायड्रोजनमध्ये उतरणारा वाटा, जास्तीत जास्त 0.76 टक्के.

आपल्या भाषेत हिशेब करू. दहा बाय दहा फुटांची गच्ची, रोज साडेपाच तास कडक ऊन. एक किलो हायड्रोजनला जवळपास तीन महिने! पाणी लागेल नऊ लिटर. नळाची वाट बघणाऱ्या आपल्या गावातही तीन महिन्यांत एवढं पाणी निघेल. खरी अडचण त्या 0.76 ची आहे. धंद्यात परवडायला तो आकडा पाच ते दहाच्या घरात जायला हवा. उन्हातल्या हायड्रोजनची पुढची बातमी वाचाल तेव्हा आधी तोच शोधा.