संकष्टीच्या दिवशी मेक्सिकोच्या बाजारात

नमस्कार श्रोतेहो.

आमची लेक नोकरीनिमित्त मेक्सिको सिटीत राहते. गेल्या खेपेला तिच्याकडे गेलो, तेव्हा लग्नाच्या वाढदिवसाचं निमित्त काढून तिनं आम्हा दोघांना एक भेट दिली. तिथल्या जुन्या बाजारांतून खात खात फिरायचं. सोबत एक जाणती वाटाडी आणि मंडळी फक्त आम्ही तिघं. पंचवीस जणांचा घोळका नाही की छत्री उंच धरून पुढे पळणारा कोणी नाही. पैसे भरून झाले आणि मग मी पंचांग बघितलं. आश्विन वद्य चतुर्थी. संकष्टी!

लेक म्हणाली, "आई, खाण्याची सहल आहे. तू न खाता करणार काय?" मी म्हटलं, बघेन. हे म्हणाले, "हिच्या वाटणीचं मी खाईन." झाला निकाल.

आदल्या रात्री वाटाडीचा फोन आला. काय खात नाही, हे तिला आधी हवं होतं. आता मेक्सिकोत शाकाहारी माणसाची फसगत कशी होते ते सांगते. "मांस नको" म्हटलं की ते लोक अगदी प्रामाणिकपणे कोंबडी पुढे करतात, कारण त्यांच्या लेखी मांस म्हणजे गाय नाहीतर डुक्कर. घेवड्याची उसळ दिसायला साधीसुधी, पण परतलेली असते डुकराच्या चरबीत. भात शिजलेला असतो कोंबडीच्या पाण्यात. हे सगळं ओळखून दर ठेल्यावर आपल्यासाठी विचारणारं माणूस बरोबर असणं, एवढ्यासाठीसुद्धा ही खासगी सहल परवडते, असं माझं मत झालं.

पण त्या दिवशी प्रकरण त्याच्याही पुढचं होतं. लेकीनं तिला सांगितलं, आईचा उपवास आहे, धान्य नाही, डाळ नाही, टोमॅटो नाही. "मग चालतं काय?" लेक एकेक सांगत गेली. रताळं, शेंगदाणे, राजगिरा, हिरवी मिरची, पपई, पेरू, चिकू. पलीकडे जरा शांतता. मग ती बाई खो खो हसत सुटली. म्हणाली, "म्हणजे तुमच्या आई आमचं खाऊन उपवास करतात!"

मला आधी रागच आला. हो, चाळीस वर्षांचा नेम माझा, आणि ही म्हणते आमचं!

सकाळी सुरुवात झाली ती फुलबाजारापासून. बाजाराचं नाव लिहितात जमायका, पण स्पॅनिश लोक त्या 'ज'चा 'ह' करतात, म्हणून हमायका. एके काळी शहराच्या दक्षिणेकडच्या पाणथळ शेतांतून फुलं आणि भाजी कालव्यानं, होड्यांतून इथे यायची. आता कालवा बुजवून त्याचा रस्ता झालाय. आम्ही आत शिरलो आणि मी जागच्या जागी थांबले. झेंडू! छपरापर्यंत रचलेला केशरी झेंडू. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दादरला उतरावं तसा तो वास. मी म्हटलं, आमच्या फुलाचं इथे काय काम? तर वाटाडी म्हणाली, हे इथलंच फूल. सेंपासूचिल. नावात जुन्या नाउआत्ल भाषेतले दोन शब्द आहेत, 'वीस' आणि 'फूल'. पुष्कळ पाकळ्यांचं, या अर्थानं.

नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत त्यांच्याकडे गेलेली माणसं घरी जेवायला येतात. घरात वेदी मांडतात. तिच्यावर फोटो, पाणी, मीठ, त्या माणसाच्या आवडीचा पदार्थ. येणाऱ्याला वाट सापडावी म्हणून दारापासून झेंडूच्या पाकळ्यांची पायवाट घालतात. आमची सर्वपित्री होऊन दोन-तीन आठवडेच झाले होते. सासूबाईंच्या पानावर मी आठवणीनं भोपळ्याचे घारगे वाढले होते. मी तिला कावळ्याचं सांगितलं. तिला ते इतकं आवडलं की पुढे दोन दुकानदारांना तिनं ते सांगितलं. त्यातल्या एकानं विचारलं, कावळा आलाच नाही तर? आता यावर काय बोलणार!

तिथून भुयारी रेल्वेनं निघालो. दोन स्टेशनं, मग गाडी बदलून आणखी एक. तिथे प्रत्येक स्टेशनाला नावाशेजारी एक चित्र असतं, अक्षर न येणाऱ्यालाही कळावं असं. हमायकाला मक्याचं कणीस, आणि आम्हाला जायचं होतं त्या ला मेर्सेदला सफरचंदांची पेटी. जिना चढून वर आलं की रस्ता लागत नाही, थेट बाजारच लागतो.

ही इमारत 1957 सालची. 1982मध्ये घाऊक व्यापार शहराच्या दुसऱ्या भागात नव्या बाजारात गेला, तरी मेर्सेद काही ओस पडला नाही. आणि मंडळी, आवाज! "पासेले, पासेले! काय नेणार, ग्वेरिता?" पासेले म्हणजे या, आत या, आणि ग्वेरिता म्हणजे गोरटेली. मी सांगलीची, माझा रंग तुम्हाला रेडिओवर दिसत नाही, पण साठ वर्षांत मला कोणी गोरी म्हटलेलं नाही. तिथे मिरचीवालीपासून केळीवाल्यापर्यंत सगळ्यांनी म्हटलं. लेक म्हणाली, "हुरळू नकोस, ते सगळ्यांनाच म्हणतात." तिला काय जातंय सांगायला.

मध्येच मागून आरोळी येते, "आई व्हा एल गोल्पे!" म्हणजे धक्का येतोय, सरका. उभ्या हातगाडीवर सहा-सात पेट्या रचून हमाल धावत असतात. त्या गाडीला म्हणतात 'दियाब्लो', सैतान. एका वळणावर पर्यटकांचा मोठा गट वाट अडवून नाकतोड्यांचे फोटो काढत होता. तो सैतान त्यांच्यातून असा घुसला म्हणता! आम्ही चौघं भिंतीला चिकटून होतो. चौघं होतो म्हणूनच चिकटता आलं.

भाजीच्या ओळीत मी रमले. एक आजी मोठ्या सुरीनं निवडुंगाची पानं सोलत बसल्या होत्या. आपला फड्या निवडुंग, शेताच्या बांधावरचा. काटे एका फटक्यात खाली. त्याला नोपाल म्हणतात आणि तो त्यांच्या झेंड्यावरसुद्धा आहे, गरुड बसलेला असतो तो त्यावरच. निवडुंग उपवासाला चालतो का, हे मला आजवर कुठे वाचायला मिळालेलं नाही. मी आपली लांब राहिले.

त्यांच्या शेजारी रानभाज्या. 'केलितेस' हे त्यांचं एकत्र नाव. त्यात मला घोळ दिसली! हो, आपली घोळीची भाजी, तीच जाड देठांची. राजगिऱ्याचा पालाही होता. भोपळ्याची फुलं होती, ज्यांची आपण भजी करतो आणि ते पोळीत चीजबरोबर घालतात. आणि हे सगळं तराजूवर नव्हतं, फडक्यावर वाटे घातले होते. मोंतोन्सितो म्हणतात, ढिगुली. वाटा उचलला की विकणारी वर मूठभर आणखी टाकते, त्याला 'पिलोन' म्हणतात. आपण भाजीवालीकडे हक्कानं कढीपत्ता मागतो ना, तेच.

मिरच्यांचं काय सांगू? तिथे ओल्या मिरचीचं नाव वेगळं आणि तीच वाळली की नाव वेगळं. पोब्लानो वाळली की आंचो. हालापेन्यो धुरावर वाळवली की चिपोत्ले. आपल्याकडे ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी वेगवेगळ्या, पण बिचारीचं नाव वाळल्यावर बदलत नाही. मिरची मूळची याच देशातली. पोर्तुगीज जहाजांनी ती गोव्याला आणली, तोवर आपल्या स्वयंपाकात तिखट म्हणजे मिरी, पिंपळी आणि आलं. माझ्या आजीचा मिरचीचा ठेचा पाचशे वर्षांपूर्वी आपल्याकडे कुणाला ठाऊक नव्हता, हे पटायला जड जातं. उलट वाटेनं आलेलंही होतं. मोले नावाच्या त्यांच्या वाटणाचे तांबडे, काळे, हिरवे डोंगर रचलेले होते. त्यात त्यांची मिरची आणि कोको, पण शिवाय आपली मिरी, लवंग, दालचिनी आणि तीळ. चिंच आणि आंबाही तिथे परके. फिलिपिन्सहून येणाऱ्या स्पॅनिश जहाजांच्या वाटेनं आंबा गेला, म्हणून त्यांच्या एका आंब्याचं नाव अजून मनिलाच आहे.

यांचं खाणं दरम्यान जोरात चाललं होतं. मक्यावर काणी पडते ना, काळी बुरशी? आपला शेतकरी कपाळाला हात लावतो. तिथे तिचं नाव वित्लाकोचे, आणि ती चांगल्या कणसाहून महाग! यांनी ती दोनदा घेतली. नाकतोडे लिंबू-तिखट लावून मूठभर खाल्ले. म्हणाले, चुरमुऱ्यासारखे लागतात, पाय तेवढे दातात अडकतात. शेजारच्या बाकावरून उठणारा प्रत्येक अनोळखी माणूस यांच्याकडे बघून "प्रोबेचो" म्हणायचा. मी अर्थ विचारला. अर्थ एवढाच, की सावकाश होऊ द्या.

एका कोपऱ्यात खापराच्या मोठ्या तव्यावर एक बाई निळ्या मक्याचे त्लाकोयो थापत होत्या. होडीसारखा आकार, आत वाटलेला घेवडा, वर नोपाल. मका आधी चुन्याच्या पाण्यात उकळतात, रात्रभर ठेवतात, चोळून साल काढतात, मग दळतात. त्यानं पीठ चिकट होतं आणि मक्यातलं एक जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपनं मका नेला, चुना नेला नाही, आणि मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पुढे पेलाग्रा नावाचा रोग झाला. मी घरी पानाला चुना लावते, पण पिठाला लावायचं कधी सुचलं नसतं. वाटाडीनं चरबी आहे का विचारलं, नाही म्हणाल्या, तेव्हा मी चार बांधून घेतले. चंद्रोदयानंतरसाठी.

आता राजगिरा. गोडाच्या गल्लीत पोचलो आणि काचेमागे आपली चिक्की, आपला लाडू! मधात बांधलेल्या लाह्या, वर शेंगदाणे. नाव आलेग्रीया, म्हणजे आनंद. पण सण जवळ आलेला, म्हणून लाडवांच्या शेजारी ओळीनं कवट्या मांडलेल्या. राजगिऱ्याच्या कवट्या. डोळ्यांच्या जागी मनुका, दातांच्या जागी शेंगदाणे. वाटाडीनं एक माझ्या हातात ठेवली. "यात सगळं तुमच्या उपवासाचं आहे."

होतं खरं! मध, राजगिरा, शेंगदाणा, मनुका. शास्त्रात बोट ठेवायला जागा नाही. पण संकष्टीला कवटी?

मी ती हातात धरून उभी असताना ती सांगत होती. पूर्वी इथले लोक राजगिऱ्याच्या पिठाच्या देवाच्या मूर्ती करायचे. पूजा झाली की मूर्ती मोडून प्रसाद वाटायचा. आलेल्या स्पॅनिश पाद्र्यांना यात स्वतःच्या चर्चमधल्या प्रसादाची नक्कल दिसली, आणि राजगिऱ्यावर त्यांची वक्रदृष्टी पडली. पीक मागे पडलं, कुठे कुठे डोंगरात टिकलं. राजगिऱ्याचा आणखी एक उद्योग तिनं सांगितला. कोकोच्या बिया तेव्हा नाण्यासारख्या चालायच्या, आणि लबाड व्यापारी राजगिऱ्याच्या कणकेच्या, मेणाच्या नकली बिया खऱ्यांत मिसळायचे. सोळाव्या शतकात एका स्पॅनिश धर्मगुरूनं हे लिहून ठेवलंय.

हे म्हणाले, "देवाला मोडून खायचे म्हणतेय, तू कवटीला काय घाबरतेस?"

मी डावीकडून एक तुकडा मोडला. मंडळी, आमच्या गावच्या जत्रेतल्या लाडवाची चव. अगदी तीच, टाळ्याला चिकटते तीसुद्धा. दुपारभर मी ती कवटी पिशवीत घेऊन हिंडले आणि भूक लागली की एकेक दात खाल्ला.

निघताना पेरू घेतले, चिकू घेतले. चिकूला तिथे चिकोसापोते म्हणतात. मागचं शेपूट आपण वाटेत कुठेतरी टाकलेलं दिसतं. मी वाटाडीला म्हटलं, बाई, तुझं खरं, उपवास तुमचाच. ती म्हणाली, नाही, आम्हाला फक्त माल माहीत होता. मग रात्री काय करणार, असं विचारलं तेव्हा मी सांगितलं, चंद्र बघून जेवणार. ती पटकन म्हणाली, "मग ससा नीट बघा." त्यांच्या गोष्टीत देवांनी चंद्राचं तेज कमी करायला त्याच्या तोंडावर ससा फेकून मारलाय. मी तिला शशांक या शब्दाची फोड करून सांगितली. शश म्हणजे ससा. तिनं ते वहीत लिहून घेतलं, तिच्या अक्षरांत.

संध्याकाळी लेकीच्या गल्लीत रताळीवाला आला. त्याच्या ढकलगाडीत विस्तव असतो आणि वाफेची लांब, रडवी शिट्टी. ती मी इथे वाजवून दाखवणार नाही, निर्मात्यांनी आधीच हात जोडलेत. दोन भाजकी रताळी घेतली. चंद्राला उशीर होता. पंचांग आपलं आणि चंद्र मेक्सिकोचा, म्हणून लेकीनं फोनवर वेळ काढून दिली होती. आम्ही गच्चीवर गेलो, वारा गार होता. तुळशीवृंदावन नव्हतं, दूर्वा नव्हत्या, पण हमायकातला झेंडू होता. समोरच्या पाण्याच्या टाकीमागून तो वर आला, जरा चेपलेला, तांबूस.

हे बराच वेळ बघत होते. म्हणाले, "कान दिसले."

मी अर्घ्य दिलं आणि लेकीला म्हटलं, तवा ठेव, ते त्लाकोयो गार झाले असतील.