कॉमिक्सचा रिव्ह्यू करताय ना, मग चित्राबद्दल पण बोला की राव!

नमस्कार मंडळी! आज कुठलंही नवीन कॉमिक घेऊन आलेली नाहीये, आज जरा भांडायला आलेय.

भांडण कशावरून, तर कॉमिक्सच्या रिव्ह्यूवरून. कुठल्याही भाषेतला बघा, इंग्लिश घ्या, हिंदी घ्या, आपला मराठी घ्या, सगळा वेळ गोष्ट सांगण्यात जातो, म्हणजे मग हा येतो, मग तो त्याला फसवतो, मग ट्विस्ट येतो, मग त्याचा बाप निघतो, आणि अगदी शेवटी निघता निघता एक वाक्य टाकायचं, "आर्टवर्क पण खूप छान आहे, नक्की वाचा." झालं! अहो ज्या माणसाने पाठ मोडेपर्यंत टेबलावर वाकून ती पानं काढली त्याच्या वाट्याला तुमचं हे एक वाक्य? आणि त्यातही "पण" लावलेलं, "आर्टवर्क पण".

माझं म्हणणं साधं आहे. कॉमिकमध्ये गोष्ट चित्रातच असते. चित्र बाजूला काढून गोष्ट सांगितलीत तर तुम्ही कॉमिकचा रिव्ह्यू केलाच नाहीत, तुम्ही त्याचा सारांश सांगितलात, आणि तो काय, कुठेही मिळतो.

आता नुसतं तोंडाने बोलून उपयोग नाही, उदाहरण घेऊ. दी अमेझिंग स्पायडरमॅन, अंक ३३, कव्हरवर तारीख फेब्रुवारी १९६६. सुपरहिरो कॉमिक्स वाचणाऱ्यांना हा अंक माहीत असतो, नसेल माहीत तर हरकत नाही, मी सांगते. स्पायडरमॅन पाण्याखालच्या एका अड्ड्यात अवाढव्य यंत्राखाली सापडलाय, अंगावर टनावारी लोखंड, छत गळतंय, पाणी वाढत चाललंय, आणि त्याला वाढवणारी काकू, आंट मे, तिकडे हॉस्पिटलमध्ये शेवटच्या घटका मोजतेय, तिला वाचवणारं औषध याच्या समोरच पडलंय पण हात पोचत नाही. आणि मग? मग तो यंत्र उचलतो. संपला सीन. गोष्ट म्हणून सांगायला गेलं तर दोन ओळी, आणि त्यातही सस्पेन्स शून्य, कारण मासिकाचं नावच स्पायडरमॅन आहे, तो मरणार नाही हे शेंबड्या पोरालाही कळतं.

पण चित्रकार स्टीव्ह डिट्कोने याला पाच पानं दिलीयेत. पाच! ज्या काळात अख्खी गोष्ट वीस पानांत संपवायची असायची त्या काळात पाच पानं, आणि त्यात होतंय काय तर एक माणूस एक वस्तू उचलतोय. त्या पानांवर चौकटी कशा आहेत ते बघा. यंत्र मोठं आणि माणूस खाली, दबलेला, वाकलेला, वर सगळं काळं जड लोखंड. औषधाचा डबा कुठे ठेवलाय बघा, आपल्या आणि त्याच्या मधे, म्हणजे आपल्याला वाटतं आपणच हात घालून तो ढकलून द्यावा त्याच्याकडे. मधेच आंट मे आणि वारलेले काका, अंकल बेन, यांचे चेहरे येतात त्याच्या डोक्यात. आणि मग तो जसा जोर लावायला लागतो तशी चित्राला जागा जास्त जास्त मिळत जाते, यंत्र जरासं हलतं, अजून जरासं, आणि शेवटी अख्खं पान, एकच चित्र, यंत्र वर आणि हा खाली उभा. त्या पानाचा आकार हाच त्या सीनचा क्लायमॅक्स आहे. डायलॉग झाकून बघा, काहीही बिघडत नाही.

आता यात अजून एक गंमत आहे. लोक या सीनबद्दल बोलताना सहज म्हणून जातात, "काय लिहिलंय स्टॅन लीने!" आता स्टॅन ली मोठा माणूस, डायलॉग त्याचेच आहेत, त्यात वाद नाही. पण त्या काळी मार्व्हलमध्ये, म्हणजे स्पायडरमॅन छापणाऱ्या कंपनीत, कामाची पद्धत अशी होती की चित्रकार आधी अख्खा अंक काढायचा, म्हणजे कुठला प्रसंग किती लांबवायचा, कुठे तोडायचा, हे सगळं त्याच्या हातात, आणि डायलॉग नंतर भरले जायचे. १९६५ पासून तर डिट्कोला कथानकाचं श्रेयसुद्धा अंकात छापून मिळायला लागलं होतं. म्हणजे पाच पानं द्यायची हा निर्णय चित्र काढणाऱ्याचा. तुम्ही रिव्ह्यूमध्ये फक्त लेखकाचं नाव घेऊन मोकळे झालात तर तुम्ही चुकीच्या माणसाच्या गळ्यात हार घातलात. आणि त्यानंतर काहीच महिन्यांत, १९६६ मध्येच, अंक ३८ करून डिट्कोने स्पायडरमॅन सोडला.

आता हाच अंक मोबाईलवर वाचा. ते असतं ना, एकेक चौकट मोठी करून दाखवणारं, टॅप केलं की पुढची चौकट. सोयीचं आहे, मीही लोकलमध्ये तसंच वाचते, उभं राहून दुसरं काय करणार. पण त्यात प्रत्येक चौकट तुमच्या स्क्रीनएवढीच होते, छोटी पण तेवढीच आणि पानभर असलेली पण तेवढीच! म्हणजे डिट्कोने पाच पानं जे रचत आणलं ते सगळं पाण्यात. थाळी वाढायची आणि मग प्रत्येक वाटी वेगवेगळ्या खोलीत नेऊन खायला लावायची, तसलं काहीतरी. त्यामुळे माझा स्वतःपुरता नियम आहे, टाइमपास म्हणून वाचायचं असेल तर मोबाईल चालेल, रिव्ह्यू करायचा असेल तर अख्खं पान एका नजरेत दिसलं पाहिजे, छापील नसेल तर निदान टॅबलेट.

बरं, तुम्ही म्हणाल हिला काय फक्त अमेरिकेचं कौतुक. चला, वेताळाकडे येऊ, विक्रमाचा नव्हे, कॉमिक्समधल्या.

इंद्रजाल कॉमिक्स! टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी १९६४ मध्ये सुरू केलं, १९९० मध्ये बंद पडलं, मराठीतही निघायचं, आणि आपल्या आईबाबांच्या पिढीतल्या कित्येकांची वाचनाची सुरुवात वेताळापासून झालीये. लोक आज ते जुने अंक परत वाचतात आणि रिव्ह्यू करतात, आणि हमखास एक तक्रार येते की अरे हे किती रिपीट होतं, दर थोड्या वेळाने तीच गोष्ट परत परत का सांगतात, लेखकाला आपण मठ्ठ वाटलो का?

नाही हो. ली फॉकचा फँटम, म्हणजे आपला वेताळ, ही मुळात वर्तमानपत्रातली स्ट्रिप आहे, १७ फेब्रुवारी १९३६ ला सुरू झालेली. रोज दोन-तीन-चार चौकटी, बस. वाचणारा कालचं विसरलेला असणार, म्हणून पहिल्या चौकटीत आठवण करून द्यायची, मधल्यात गोष्ट इंचभर पुढे सरकवायची, आणि शेवटच्यात असं काहीतरी टाकायचं की माणसाने उद्याचा पेपर उघडलाच पाहिजे. इंद्रजालने या स्ट्रिपा घेतल्या, कापल्या, कुठे चौकट छाटली, कुठे गाळली, आणि पुस्तकाच्या पानावर परत मांडल्या. आता तुमच्याकडे जुना अंक असेल तर काढा आणि पेन्सिल घेऊन बसा (हलक्या हाताने हं, हल्ली त्यांना सोन्याचा भाव आहे). दर तीन-चार चौकटींनी कुणीतरी दचकतंय, कुणीतरी झाडीत बघतंय, कुणाच्या तरी पाठीशी सावली उभी राहतेय, आणि लगेच पुढच्या चौकटीत कुणीतरी आपल्याला आधीच माहीत असलेली गोष्ट परत सांगतंय. तिथे एक रेघ मारा. बहुतेक वेळा तिथे पेपरातला एक दिवस संपलेला असतो. असं करत गेलात की अख्खा अंक दिवसांमध्ये उलगडतो, कुठला दिवस नुसता भरतीचा होता, कुठल्या दिवशी कमाल केलीये, सगळं दिसायला लागतं. आणि ते दिसायला लागलं की रिपीट होतंय ही तक्रार उरतच नाही, कारण एका बैठकीत वाचायला ते लिहिलेलंच नव्हतं!

चित्रकार कुठला ते पण बघा जरा. विल्सन मॅकॉयचा वेताळ आणि साय बॅरीचा वेताळ हे दोन वेगळे प्राणी आहेत. मॅकॉयची रेघ सरळसोट, साधी, माणसं थोडी बाहुल्यांसारखी उभी, काहींना ते आवडत नाही, मला आवडतं, त्याच्यात एक दंतकथेचा भाव आहे. साय बॅरी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आला आणि १९९४ पर्यंत काढत राहिला, त्याचं जंगल म्हणजे गच्च काळी शाई, सावल्या, पीळदार अंग. आपल्याकडे ज्यांच्या डोळ्यासमोर वेताळ म्हटल्यावर एक चित्र येतं ना, ते बहुतेकांचं साय बॅरीचं असतं, फक्त नाव माहीत नसतं.

आणि आपल्याकडे येताना गोष्टीसुद्धा बदलल्या, बरं का. मूळ स्ट्रिपमधला देश बेंगाला, इंद्रजालमध्ये त्याचं झालं डेंकाली. समुद्री चाचे मूळात सिंग, इथे झाले सिंगा, आता का ते उघड आहे, आपल्याकडे सिंग आडनावाच्या माणसाला चाचा म्हणून चाललं नसतं. हे सगळं रिव्ह्यूमध्ये यायला नको का? आपण जे वाचलं ते नक्की काय वाचलं हे तरी सांगा.

त्यावरून रंग. बॅटमॅनचं दी किलिंग जोक, १९८८, लेखक ॲलन मूर, चित्रं ब्रायन बोलंड. यावर हजारोंनी रिव्ह्यू आहेत आणि गंमत म्हणजे निम्मे लोक एका पुस्तकाबद्दल बोलतायत, निम्मे दुसऱ्याबद्दल. कारण मूळ रंग जॉन हिगिन्सचे, भडक, जांभळे, पिवळे, हिरवे, अंगावर येणारे, जत्रेतल्या दिव्यांसारखे, आणि गोष्टही जत्रेच्या मैदानातच घडते. २००८ च्या आवृत्तीत बोलंडने स्वतः सगळं परत रंगवलं, थंड, शांत, आणि जोकरच्या भूतकाळाचे जे प्रसंग आहेत ते जवळपास कृष्णधवल केले, त्यात एखादीच वस्तू लालसर. रेघा बहुतांशी त्याच, शब्द तेच, पण एकात तुम्हाला वेड लागल्यासारखं वाटतं आणि दुसऱ्यात तुम्ही कुणाचं तरी दुःख लांबून बघताय असं वाटतं. मला विचाराल तर मी हिगिन्सच्या बाजूने. नवीन रंग जास्त सुंदर आहेत मान्य, पण ती गोष्ट सुंदर दिसण्याची नाहीच आहे मुळी. तुमचं मत वेगळं असू दे, फक्त कुठली आवृत्ती वाचली ते सांगा म्हणजे झालं.

आता जे मला खरंच टोचतं ते बोलते. शिकारी शंभू. टिंकल, ते मुलांचं कॉमिक्सचं मासिक, वाचणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा, शंभू माहीत आहे. कुणी काढला? गप्प. वसंत हळबे! शंभूची ती शिकारी टोपी डोळ्यांवर ओढलेली असते बघा, डोळे दिसतच नाहीत. आता तुम्हीच सांगा, विनोदी चित्रात घाबरलेला माणूस दाखवायचा तर सगळ्यात पहिले काय लागतं? डोळे! आणि हा चित्रकार डोळेच झाकून बसलाय, मग सगळी भीती त्याने लटपटणाऱ्या पायांत, अंग चोरण्यात, हवेत उडालेल्या हातांत भरायची. किती अवघड काम आहे हे, आणि आपण म्हणतो "मजेशीर कॅरेक्टर आहे". टिंकलमधलाच सुपंडी काढणारे राम वाईरकर, त्यांनीच अमर चित्र कथेचा कृष्ण काढला. पुण्याचे प्रताप मुळीक, अमर चित्र कथा पण त्यांची आणि राज कॉमिक्सचा सुरुवातीचा नागराज पण, म्हणजे एकच हात इकडे पुराण काढतोय आणि तिकडे मनगटातून साप सोडणारा सुपरहिरो, या विषयावर कुणीतरी तासाभराचा व्हिडिओ करायला हवा, मी करेन कदाचित. ही आपली माणसं, आपल्या घरातल्या कपाटात यांची चित्रं पडलीयेत, आणि आपण डिट्कोचं नाव घेतो पण हळब्यांचं घेत नाही.

मग मी काय करते ते पटकन सांगते, कारण दर वेळी कुणीतरी विचारतंच. पहिलं वाचन सरळ, पब्लिकसारखं, एका बैठकीत, नोट्स नाही काही नाही. हसू आलं तर हसायचं. दुसऱ्या वेळी एक कोरा कागद घेऊन डायलॉगचे फुगे झाकत जायचं आणि बघायचं की नुसत्या चित्रांवरून काय कळतंय. कळत नसेल तर दोष कुणाचा ते शोधायचं, लेखकाने फार कोंबलंय की चित्रकाराने आळस केलाय. एक खूण सांगते, फुग्यात लिहिलंय "मी खूप घाबरलोय" आणि चित्रातही तो घाबरलेलाच दिसतोय, म्हणजे दोघांपैकी एकाचं काम फुकट गेलं. मग अक्षरं बघायची, कारण अक्षरांकडे कुणीच बघत नाही, ॲस्टेरिक्स या फ्रेंच कॉमिकमध्ये गॉथ लोक, म्हणजे जुन्या जर्मन टोळीवाले, बोलायला लागले की त्यांच्या फुग्यातली अक्षरंच काटेरी जुन्या वळणाची होतात, एक अक्षर वाचायच्या आधी आवाज ऐकू येतो. आणि मग लिहायला बसायचं, तेव्हा एकच चौकट किंवा एकच पान निवडायचं जे मला विसरता येत नाहीये, आणि तिथून सुरुवात करायची, कथानक नंतर, लागेल तेवढंच. स्पॉयलरची भांडणं पण आपोआप मिटतात याने.

स्टार मी देत नाही, साडेतीन स्टार म्हणजे नक्की काय ते मला आजपर्यंत कुणी समजावू शकलेलं नाही.

आणि हो, विकत घेणाऱ्यांसाठी छपाईचं जरूर सांगा. दोन पानांवर पसरलेलं चित्र असेल आणि जाडजूड बाइंडिंग असेल तर बरोब्बर मधला भाग शिवणीत जातो, हिरोचं अर्धं तोंड आत, आणि पुस्तक उघडून दाबायला गेलं की कडकड आवाज येऊन पानं सुटतात. हजार रुपये मोजणाऱ्याला हे आधी कळलं पाहिजे. पुढच्या व्हिडिओत एक जुना मराठी वेताळ घेऊन बसणार आहे, पेन्सिलीच्या रेघांसकट, दिवस पाडत पाडत वाचू, तुमच्याकडे कुठला अंक आहे ते खाली लिहा, कव्हर फाटलेलं असलं तरी चालेल.