वाषिर्क अंक आणि पंचवीस पिनांचं लॉक

(बडोद्यातल्या मराठी श्रोत्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. पुनरुक्ती गाळली आहे, विषयांतरं तशीच ठेवली आहेत.)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘डिजिटल कॉपीराइट आणि सामान्य ग्राहक’. कायद्याकडे मी येणारच आहे. पण आधी थोडं छपाईबद्दल बोलू द्या, कारण त्याशिवाय हा कायदा आपल्याला कुठे लागतो ते कळायचं नाही. मोबाइलवर कुठला अँटिव्हायरस घ्यावा हे विचारायला जे आलेत, त्यांचं उत्तर आत्ताच देऊन टाकतो: घेऊ नका. आता ते सेव-उसळ खायला मोकळे.

मराठी मंडळांचे अंक, स्मरणिका, अहवाल, शताब्दीग्रंथ हे सगळं नव्वदीनंतर खिळ्यांवरून संगणकावर आलं. त्या अंकांची छापील प्रत आज कपाटात सापडते. फाइलही सापडते, सीडीवर किंवा जुन्या डिस्कवर. पण उघडत नाही. १९१० साली सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून ग्रंथपाल बोर्डनसाहेबांना आणलं आणि इथल्या ग्रंथालयांची घडी बसवली. त्या काळात घेतलेलं पुस्तक सेंट्रल लायब्ररीत आज उघडायचं तर कोणाला विचारावं लागत नाही. १९९८च्या स्मरणिकेच्या फाइलीला मात्र परवानगी लागते, आणि ती देणारा कित्येकदा धंद्यातून उठून गेलेला असतो.

ती परवानगी म्हणजे लॉक. रावपुऱ्यात विचारा, दांडिया बाजारात विचारा, संगणकावर पानं लावणाऱ्या जुन्या डीटीपीवाल्यांच्या तोंडी हाच शब्द आहे. काडेपेटीएवढा डबा, एका बाजूला पंचवीस पिना, दुसऱ्या बाजूला पंचवीस भोकं. संगणकाच्या प्रिंटर पोर्टात लॉक खोचायचं आणि लॉकच्या पाठीत प्रिंटरची केबल. मराठी टायपिंगचं पॅकेज दर थोड्या वेळानं त्या डब्याला एक सवाल टाकतं. डब्यानं ठरलेला जवाब दिला तर टायपिंग सुरू, नाहीतर कीबोर्ड इंग्रजी. पुढे हेच लॉक यूएसबीत आलं. कल्पना चोरी थांबवायची होती, आणि त्यात वावगं काही नाही. फॉन्ट काढणाऱ्यानंही जेवायचं असतंच. वावगं हे, की पॅकेज विकत घेणाऱ्यानं स्वतः टाइप केलेला मजकूरही त्याच डब्यामागे गेला.

आता पोर्टाची गंमत बघा. नव्या संगणकाला प्रिंटर पोर्ट, म्हणजे पॅरलल पोर्ट, नसतं. मग लोक यूएसबी-टू-पॅरलल केबल आणतात, तिच्यावर लॉक लावतात आणि चालत नाही म्हणून लॉक मेलं असं ठरवतात. लॉक ठणठणीत असतं. ती केबल फक्त प्रिंटरची भाषा बोलते. जुनं लॉक शोधणारा ड्रायव्हर थेट मदरबोर्डवरच्या ३७८ क्रमांकाच्या पत्त्यावर जाऊन दार ठोठावतो, आणि यूएसबी केबलीत तो पत्ताच नसतो. पीसीआय एक्स्प्रेसचं पॅरलल कार्ड लावलं तर खरं पोर्ट मिळतं, पण त्याचा पत्ता बहुधा वेगळा पडतो. जुन्या ड्रायव्हरला तो बदलून देता आला तरच काम होतं. कार्ड घेण्याआधी मदरबोर्डवर एलपीटी लिहिलेला पिनांचा दुहेरी पट्टा आहे का ते बघा. काही बोर्डांवर तो असतो आणि मागच्या बाजूची पट्टी तेवढी वेगळी घ्यावी लागते.

पोर्ट मिळालं तरी विंडोज आडवं येतं. ६४-बिट विंडोजवर १६-बिट प्रोग्राम चालत नाही. कित्येकदा पॅकेज ३२-बिट असतं, पण त्याचा सेटअप १६-बिट, म्हणजे वऱ्हाड तयार आणि बँडवाला बेपत्ता. (हशा) लॉक यूएसबीचं असेल तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवणाऱ्या प्रोग्रामात, ३२-बिट विंडोज एक्सपी बसवा, लॉक त्या आतल्या मशीनला जोडून द्या, आणि त्या मशीनचं इंटरनेट बंद ठेवा. एक्सपीला सुरक्षा-दुरुस्त्या येणं कधीच थांबलंय.

लॉक हरवलंच असेल, तरी मजकूर पुष्कळदा वाचतो. हे नीट ऐका. जुन्या मशीनची हार्ड डिस्क थेट चालू करू नका. काढा, आयडीई-टू-यूएसबी अ‍ॅडॉप्टरला जोडा. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टही लागतात आणि यूएसबी देतं ५, तेव्हा अ‍ॅडॉप्टरबरोबर स्वतंत्र वीज देणारा ठोकळा हवा. डिस्कच्या पाठीवरची जंपरची छोटी टोपी ‘मास्टर’ लिहिलेल्या जागी ठेवा. आधी पूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, एका फाइलीत उतरवून घ्या, मग त्या प्रतिमेवर काम करा. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरातल्या सगळ्या फॉन्ट फाइली उचला. बऱ्याच पॅकेजांत लॉक लागतं ते टाइप करायला. नुसतं दिसायला फॉन्ट पुरतो.

त्या काळची बहुतेक पानं पेजमेकर या पानं लावायच्या प्रोग्रामात लागलेली असतात. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती ७, साल २००१. तिला युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, कधी कळलंच नाही. पण लिबरऑफिस या ओपन सोर्स ऑफिस-पॅकेजच्या ४.४ आवृत्तीपासून, म्हणजे २०१५पासून, पेजमेकरच्या ६.५ आणि ७च्या फाइली ‘ड्रॉ’मध्ये उघडतात. मांडणी थोडी विस्कटते, चौकटी सरकतात, पण मजकूर हाती येतो. हे काम कोणी धंद्यासाठी केलेलं नाही. मेलेल्या प्रोग्रामांच्या फाइली वाचता याव्यात म्हणून काही लोकांनी एकेक बाइट तपासून त्या फाइलींची रचना उलगडली आणि सगळा कोड उघड्यावर ठेवला. ओपन सोर्सचं कौतुक करायचं तर मी इथे करतो. फुकट मिळतं हे त्यातलं फार लहान कारण.

उघडलेल्या फाइलीत दिसतात ती इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं. कारण जुन्या फॉन्टांत ‘क’ हा ‘क’ नसतोच. इंग्रजी अक्षराच्या जागेवर ‘क’चं चित्र बसवलेलं असतं, अर्ध्या ‘स’चं दुसरीकडे, काना तिसरीकडे. कुठलं चित्र कुठल्या जागेवर, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. एकाच कंपनीच्या दोन पिढ्यांतही वेगळं. म्हणून मजकूर उचलताना प्रत्येक तुकड्याचा फॉन्ट लिहून ठेवा. मथळा एका फॉन्टात, मजकूर दुसऱ्यात, आणि दोन्ही जुन्या खुणांच्या एकाच तक्त्यातून युनिकोडमध्ये काढले की मथळ्याचा चिवडा होतो.

खरी मजा पुढे आहे. जुन्या फॉन्टात अक्षरं दिसतील त्या क्रमानं साठवतात, युनिकोडमध्ये उच्चाराच्या. ऱ्हस्व वेलांटी दिसते आधी, उच्चारतो नंतर. रफार दिसतो नंतर, उच्चारतो आधी. ‘वार्षिक’ हा शब्द घ्या. जुन्या फाइलीतला क्रम असा: व, काना, वेलांटी, ष, रफार, क. जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये आणणारा प्रोग्राम म्हणजे कन्व्हर्टर; आळशी कन्व्हर्टर वेलांटी उचलून ‘ष’मागे टाकतो आणि रफार होता तिथेच ठेवतो. निघतं काय? ‘वाषिर्क’. तसंच ‘आथिर्क’, ‘धामिर्क’, ‘वषेर्’. हे शब्द तुम्ही इंटरनेटवरच्या जुन्या मराठी लेखांत शेकड्यांनी वाचलेत. लेखकाला शुद्धलेखन येत नाही असं म्हणून नाक मुरडलं असेल. तो बिचारा निर्दोष आहे. (हशा)

मग उत्साही माणूस म्हणतो, सोपं आहे, ‘शोधा आणि सगळं बदला’. वेलांटीनंतर र् दिसला की तो एक अक्षर आधी न्यायचा. केलंत तर ‘निर्णय’चा ‘र्निणय’ होईल. दुसरा धोका ‘दुसऱ्या’. हिंदीसाठी बनवलेल्या कन्व्हर्टरला हा अर्धा र ठाऊकच नसतो, तो ‘दुसर्या’ करतो. तिथेही सरसकट बदल केलात तर मंडळाचं ‘कार्यालय’ ‘काऱ्यालय’ होऊन बसेल. शब्दाच्या शेवटी उघडा पडलेला र् मात्र बेलाशक शोधा, तो मराठीत जवळजवळ नेहमी चूकच असतो. बाकीचं डोळ्यांनी. प्रूफवाचकाला पर्याय नाही.

कन्व्हर्टर निवडताना एकच गोष्ट बघा: त्याचा तक्ता उघडा आहे का. तक्ता म्हणजे साधी मजकूर-फाइल, डावीकडे जुनी खूण, उजवीकडे युनिकोड. उघडा असेल तर चुकलेली ओळ तुम्ही दुरुस्त करता आणि चारशे पानं पुन्हा काढता. बंद असेल तर चारशे पानांत तीच चूक चारशे वेळा हातानं काढायची.

आणि हो, सगळं नीट झालं तरी शोध फसतो. ‘बँक’ दोन प्रकारे टाइप होतं, चंद्रबिंदूनं किंवा अर्धचंद्र आणि अनुस्वार वेगळे देऊन. डोळ्याला एक, संगणकाला दोन. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली २००८ साली, त्याआधीच्या मजकुरात ‘अ’वर अर्धचंद्र चढवलेला. सूची करण्याआधी पूर्ण मजकूर एकाच रीतीत आणा.

फाइल गेलीच असेल तर छापील प्रत ३०० डीपीआयनं स्कॅन करा, बारीक टाइप असेल तर ४००, आणि चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर काढणाऱ्या टेसरॅक्टला मराठी भाषा सांगून चालवा. हा प्रोग्राम मूळचा एचपी कंपनीचा. त्यांनी तो २००५ साली उघडा केला, म्हणून आज त्याला मराठी येते; कंपनीच्या कपाटात राहता तर मराठीसाठी कोण तसदी घेतं? घ आणि ध, भ आणि म यांत तो गोंधळतो, अनुस्वार गिळतो.

(अध्यक्षांकडून चिठ्ठी.) दहा मिनिटं? चिठ्ठीत पाच लिहिलंय. बरं. कायदा.

आपला कॉपीराइट कायदा १९५७चा, मोठी दुरुस्ती २०१२ची. तिच्यात कलम ६५-ए आलं, डिजिटल कुलूप तोडण्याबद्दलचं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. लोक इथेच घाबरतात. पण कलमात अट आहे: कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूनं तोडलं तर. कायद्यानं स्पष्ट मना न केलेल्या कामासाठी तोडलं तर गुन्हा नाही. मात्र दुसऱ्याला तोडायला मदत करणाऱ्यानं त्या माणसाचं नाव, पत्ता, तपशील आणि उद्देश यांची नोंद ठेवायची. म्हणजे जुन्या फाइली सोडवून देणाऱ्या दुकानदारानं एक वही घालावी. अमेरिकेचा १९९८चा कायदा या बाबतीत पुष्कळ कडक आहे, आणि आपल्याकडच्या भीतीचा मोठा भाग तिथल्या बातम्या वाचून आलेला आहे.

कलम ५२ त्याहून कामाचं. प्रोग्रामची प्रत कायदेशीरपणे जवळ असेल तर नुकसानीपासून संरक्षण म्हणून बॅकअप काढता येतो. दुसरा प्रोग्राम त्याच्याशी जुळवून घ्यायला लागणारी माहिती एरवी सहज मिळत नसेल तर ती काढून घेता येते. मघाच्या पेजमेकर फाइली आठवा. ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाकडे छापील प्रत असेल तर जतनासाठी तिची डिजिटल प्रत ठेवता येते. आणि भारतात विक्रीला नसलेल्या पुस्तकाच्या ग्रंथालयाच्या वापरासाठी तीनपर्यंत प्रती काढता येतात. जतन करायला चालतं याचा अर्थ नेटवर चढवायला चालतं असा नाही. तिथे लेखकाचा हक्क येतो, हयातभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षं. १९६४ साली वारलेल्या लेखकाचं लेखन १ जानेवारी २०२५पासून मोकळं. आधी ५० वर्षं होती. १९९२च्या दुरुस्तीनं दहा वाढवली, कारण रवींद्रनाथांची मुदत संपत आली होती. त्यांच्या लेखनाचे हक्क असलेल्या विश्वभारतीचं भलं झालं, बाकीच्या हजारो विसरलेल्या लेखकांच्या पुस्तकांना दहा वर्षं जास्त वाळवी लागली.

ई-पुस्तकं आणि शाईच्या डब्यातल्या चिपांबद्दल बोलायचं होतं, ते राहिलं.

या वर्षीच्या अंकाचं तेवढं सांगतो. छापखान्याला कामाच्या आधी लिहून द्या: मजकूर युनिकोडमध्ये, लिबरऑफिसच्या ओडीटी फाइलीत परत मिळाला पाहिजे, पीडीएफही हवी, पण तिच्यातून उचललेला परिच्छेद नोटपॅडमध्ये मराठीतच दिसला पाहिजे, नाहीतर ती पीडीएफ म्हणजे नुसता फोटो. फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सचा घ्या. ‘मुक्त’ नावाचा आहे, आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’ आहे. दोन्ही फाइलीबरोबर बिनदिक्कत देता येतात. पानं स्क्रायबस या ओपन सोर्स प्रोग्रामात लावा असा आग्रह मी धरणार नाही. जोडाक्षरं नीट हाताळणारी त्याची स्थिर आवृत्ती २०२४ साली आली, म्हणजे आपल्या पोरांनी शिकून नोकऱ्या लागल्यावर. विकतच्या इनडिझाइन प्रोग्रामात लावा हवं तर, फक्त मजकूर बाहेर काढून घ्या.

आणि लेखकांकडून परवानगी लेखी घ्या. हक्क लिहून दिले पण मुदत लिहिली नाही, तर कायदा पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. अमेरिकेतल्या आपल्या मुलांना अंक वाचायला द्यायचा तर ‘जगभर, कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी, छापील आणि डिजिटल’ एवढे शब्द त्या कागदावर हवेत, खाली लेखकाची सही आणि तारीख.