कार्डिनलसाहेबांचा पोस्टकार्डाएवढा फोटो

नमस्कार मंडळी! आज एका फोटोबद्दल बोलायचंय, म्हणजे कॅमेरा यायच्या तीनशे वर्षं आधीच्या, तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या फोटोबद्दल. साल 1519, गाव जर्मनीतलं न्यूरेंबर्ग, कलाकार आल्ब्रेख्त ड्यूरर. आणि चेहरा कुणाचा, तर जर्मनीतल्याच माइन्त्सचे आर्चबिशप, म्हणजे तिथले मुख्य धर्मगुरू, नुकतेच कार्डिनल म्हणजे पोपच्या खालोखालचे धर्माधिकारी झालेले, यांचंही नाव आल्ब्रेख्तच, वय फक्त 29!

आता हे साहेब म्हणजे साधं प्रकरण नाही हां. माइन्त्सची गादी मिळवायला यांनी फुग्गर सावकारांकडून मोठं कर्ज काढलेलं, ते फेडायला पापमुक्तीची पत्रं विकायची परवानगी रोमकडून घेतली, अर्धे पैसे सावकाराला, अर्धे रोमला सेंट पीटर्स चर्चच्या बांधकामाला. त्यावरूनच धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर भडकला आणि 1517 मध्ये त्याने या विक्रीविरुद्धचे आपले 95 मुद्दे पत्रासोबत थेट यांनाच पाठवले.

चित्र जेमतेम पोस्टकार्डाएवढं. पण जवळून बघा, गुबगुबीत गाल, जड पापण्या, अंगावरचा झगा खरा लाल, इथे रंगच नाही, नुसत्या केसाएवढ्या बारीक रेघा जवळजवळ घेऊन कापडाचा जडपणा आणलाय. आणि पत्र्यावर हे सगळं उलटं कोरायचं बरं का, अक्षरंसुद्धा, तेव्हा कुठे कागदावर सुलट उमटतं. चित्रातच लॅटिनमध्ये लिहिलंय की डोळे, गाल, तोंड अस्सेच होते. मला तर वाटतं ड्यूररने साहेबांना काही फार गोरंगोमटं केलेलं नाही, आणि साहेबांनीही ते चालवून घेतलं, याचं कौतुक आहे.

मोबदलाही भारी, 200 सोन्याची नाणी आणि कोटासाठी वीस एल डमास्क, डमास्क म्हणजे विणीतच नक्षी असलेलं भारी कापड आणि एल म्हणजे त्यांच्याकडचं कापड मोजायचं माप. बदल्यात पत्रा आणि 200 प्रती साहेबांकडे रवाना.

गंमत पुढेच आहे. हा हिशोब ड्यूररने 1520 च्या एका पत्रात लिहिलाय, पत्र कुणाला, तर ल्यूथरचा दोस्त श्पालाटिन याला, आणि त्याच पत्रात म्हणतो की ल्यूथर भेटला तर त्याचंही चित्र तांब्यावर कोरायचंय! ते काही जमलं नाही. ल्यूथरला कोरलं क्रानाख या दुसऱ्या जर्मन चित्रकाराने, त्याच वर्षी. ड्यूररने मात्र 1523 मध्ये पुन्हा कार्डिनलसाहेबच कोरले, या वेळी बाजूने, आणि 500 प्रती पत्र्यासकट पाठवल्या, पण उत्तरच येईना, मग सप्टेंबरात बिचाऱ्याने पत्र टाकलं, माल पोचला का म्हणून.