कुत्र्याच्या मातीला कोण जातं?

(उदगीर येथे एका निवृत्त पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘पाळीव प्राण्याचा अखेरचा काळ : निर्णय आणि सांभाळ’. हे नाव संयोजकांचं. मी दिलेलं नाव त्यांना चाललं नाही. म्हणाले, सर, पत्रिकेवर वर गणपती आहे, त्याच्याखाली ‘कुत्र्याची माती’ कसं छापायचं? मी म्हटलं बरं. 2022 ला साहित्य संमेलन भरवलेलं गाव आहे तुमचं, शब्द जपून वापरणारच.

ओळख करून देताना मला ‘ज्येष्ठ पशुवैद्यक’ म्हणाले. खेड्यात मला सगळे ढोर डाक्टर म्हणायचे. ढोराचा डाक्टरसुद्धा नाही, सरळ ढोर डाक्टर. माझी तक्रार नव्हती, पेशंटचीही नसायची. पेशंट मुका असला की डॉक्टरचं नाव चांगलं राहतं. समोर इथल्या व्हेटर्नरी कॉलेजची पोरं बसलीत, त्यांनी हे लिहून घ्यायला हरकत नाही.

मी परभणीला शिकलो. त्या वेळी आमच्या डोक्यात जनावर म्हणजे गाय, बैल, म्हैस, शेळी. कुत्रा म्हणजे पिसाळलेला कुत्रा. नोकरी लागली तीही या देवणीच्या पट्ट्यात. देवणी बैल मी तुम्हाला काय सांगायचा? वानेरा, बालंक्या, शेवेरा ही त्याच्या रंगांवरून पडलेली नावं इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतात. तोंडाच्या दोन्ही बाजूंना काळं असलेला वानेरा दारात उभा असला की माणूस पाहुण्याला आधी बैल दाखवतो, मग पोरगं दाखवतो.

असा बैल मेल्यावर काय होतं, ते मी पुष्कळदा पाहिलंय. वाड्यात गेलं की कळायचं, आज इथं चूल पेटलेली नाही. शेजारीण पिठलं-भाकरी घेऊन यायची. घरधनी ओसरीवर गुडघ्यात मान घालून बसलेला, गावातली चार माणसं त्याच्याजवळ गप बसलेली. कारभारीण गळा काढून रडायची आणि तिला कुणी गप कर म्हणायचं नाही. स्वतःच्या शेतात खड्डा, खड्ड्यात मीठ, अंगावर नवं कापड, कपाळाला हळद-कुंकू. नवा बैल कधी आणायचा, हळी-हंडरगुळीच्या बाजारात काय भाव चाललाय, ही बोलणी आठ दिवसांनी. त्या दिवशी नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी ज्याचे खांदे तूप-हळद लावून मळले, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवायला या’ म्हणून ज्याला निमंत्रण दिलं, तो गेल्यावर कसं वागायचं हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. सरकारलाही ते कळतं. 2022 ला गुरांवर लम्पी रोग आला तेव्हा मेलेल्या बैलाचा पंचनामा व्हायचा आणि 25,000 रुपये मदत मिळायची, दुभत्या गाईला 30,000. पैसे किती पुरले ते सोडा. पण बैल मेला हे कागदावर तरी आलं.

आता त्याच वाड्यातलं कुत्रं घ्या. रात्रभर राखण करणारं, धन्याच्या आधी शेतात पोचणारं. ते मेलं की ‘ओढून टाका तिकडं.’ एवढंच. आणि शहरात तर त्याहून पुढची तऱ्हा. एका नगरपालिकेत मी एका बाईंसोबत गेलो होतो. त्यांना विचारायचं होतं, कुत्रा पुरायला जागा कुठं आहे. खिडकीतल्या माणसानं मान वर न करता सांगितलं, सकाळी घंटागाडी येते, तिच्यात टाका. ओल्या कचऱ्यात की सुक्या, एवढंच सांगायचं राहिलं होतं. बाई तेरा वर्षं सांभाळलेल्या जिवाबद्दल विचारत होत्या.

याच्यावरून एक गुरुजी आठवले. हे जरा लांबेल, पण मी आज आलोय ते हेच सांगायला, इंजेक्शनचं नंतर बघू.

सीमेकडच्या एका तालुक्याचे हे गुरुजी. घरी कुत्रा, नाव खंड्या. माळेगावच्या यात्रेतून आणला म्हणून खंडोबाचा खंड्या. चांगला म्हातारा झाला, मग मूत्रपिंडं गेली. दोन-तीन आठवडे सलाईन चाललं, एके दिवशी पहाटे संपला. गुरुजींनी शाळेत रजेचा अर्ज पाठवला. माणूस सरळ, खोटं लिहिणार नाही, आणि खरं लिहायची लाज. म्हणून कारण लिहिलं, ‘घरातील सदस्याचे निधन’.

मुख्याध्यापकांनी अर्ज वाचला. गुरुजींची आई थकलेली आहे हे सगळ्यांना ठाऊक. झालं! मधल्या सुट्टीतच शाळा सुटली, मोटारसायकली निघाल्या. दोघांनी वाटेत हार घेतला. पांढऱ्या टोप्या, पडलेली तोंडं. वाड्याच्या दारात पोचले तर ओट्यावर म्हातारी शेंगा फोडत बसलेली. तिनं विचारलं, “कोण गेलं रं? एवढे सगळे कुणाच्या मातीला निघालाव?”

(हशा)

हसा. ते मास्तरही हसले. हार कुठं लपवावा कळेना. एकजण आत गुरुजींना बघून म्हणाला, “अहो, कुत्र्यापायी शाळा बंद केलीत की तुम्ही!” गुरुजींचं तोंड पडलं. परत निघायला सगळे वळले आणि तेवढ्यात म्हातारी बोलली, “आलाव तर बसा. गेलंय की कुणीतरी.”

आता म्हातारीचा शब्द. सगळे सतरंजीवर बसले. काय बोलावं? कुत्र्याच्या दुखवट्यात बोलायचं काय असतं? मग म्हातारीच सांगू लागली, खंड्या कसा तिच्या काठीचा आवाज ओळखायचा, एकादशीला भगर खायचा, गुरुजींची गाडी वेशीत शिरली की कसा उठून बसायचा. ऐकता ऐकता त्या मघाशी हसलेल्या मास्तरांनी आपल्या बैलाचं काढलं. 1972 च्या दुष्काळात वडलांनी बैल सोडून दिला होता, चारा नव्हता म्हणून. हे तेव्हा लहान. त्या बैलाचं नाव सांगताना माणसाचा आवाज गेला हो. इतक्या वर्षांत बायकोलाही सांगितलं नव्हतं म्हणे. दिवस मावळेपर्यंत कुणी उठलं नाही. हार शेवटी गुरुजींनीच मागून घेतला.

हे मला गुरुजींनी स्वतः सांगितलं, आणि एक पुस्ती जोडली: दुसऱ्या दिवशी शाळेत पाय ठेवायला जड गेलं नाही.

माझं एवढंच म्हणणं आहे. कुत्रं-मांजर गेलेल्या घरी भेटायला जा. बैलाच्या घरी जाता तसं. केनेथ डोका म्हणून अमेरिकेतले एक अभ्यासक आहेत, त्यांनी 1989 मध्ये मांडलं की काही दुःखांना समाज मान्यताच देत नाही, आणि म्हणून ती माणसाला एकट्यानं काढावी लागतात. बरोबर आहे. पण आपल्या म्हातारीनं त्यावरचा इलाजही सांगितला: बसा.

आणि आपल्याकडं काय कमी आहे? नरसीचे नामदेव तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागं धावले. पैठणच्या नाथांनी रामेश्वराला न्यायची गंगा तहानलेल्या गाढवाला पाजली. दोघं आपलेच, मराठवाड्याचे. कीर्तनात आपण माना डोलवतो, आणि घरी येऊन शेजाऱ्याला म्हणतो, “एवढं काय, दुसरं आणा!” (युधिष्ठिराचं उदाहरण मी मुद्दाम देत नाही, ते पुण्याकडचे वक्ते देतात.) ‘दुसरं आणा’ हे वाक्य निदान महिनाभर तोंडातून काढू नका. अर्थात, बायको गेलेल्या माणसालाही तेराव्याच्या आत हेच सांगणारे लोक आपल्यात आहेत, त्यांना मी काय सांगणार? एकानं मला विचारलं, डॉक्टर, कुत्र्याची दशक्रिया करायची का? म्हटलं करा, कावळा शिवायची अडचण येणार नाही, त्याच्या ताटाला रोजच शिवत होता.

चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटे.’ म्हणजे पत्रिकेवरचा विषय आता घ्यावा लागेल. भराभर सांगतो.

वेळ आली हे कसं ओळखायचं? भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज रात्री खूण करा. आज खाल्लं का, आपणहून उठलं का, स्वतःच्या घाणीत पडून राहिलं का, ओळखीच्या हाकेला मान वळवली का. वाईट दिवस चांगल्या दिवसांपेक्षा जास्त व्हायला लागले की डॉक्टरशी बोला. गाढ झोपेत मिनिटाला तीसपेक्षा जास्त श्वास रोज भरत असतील तर हृदय किंवा फुप्फुसाकडं बघायला हवं, तेव्हा थांबू नका. कुत्रं दुखणं लपवतं. ओरडत नाही म्हणजे दुखत नाही, असं धरू नका. आणि आपल्या गुडघ्याच्या गोळ्या त्याला देऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी पोटात जखमा होतात, मूत्रपिंडं जातात. म्हाताऱ्या कुत्र्याचे शेवटचे महिने अशा गोळ्यांनी घालवलेली घरं मी बघितलीत.

औषधानं बरं होणार नाही आणि वेदना आवरत नाहीत, असं डॉक्टरनं तपासून सांगितलं तर शांत मरण देणं हा अपराध नाही. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा 1960 चा आहे, त्याच्या कलम 13 मध्येच यातनेतल्या जनावराला सोडवण्याची तरतूद आहे. फक्त हे काम नोंदणीकृत पशुवैद्यकाचं, तुमची लेखी संमती घेऊन. दुकानातून काहीतरी आणून टोचणाऱ्याचं नाही.

होतं काय, तर आधी गुंगीचं इंजेक्शन. कुत्रं दहा-पंधरा मिनिटांत पेंगतं. मग पुढच्या पायाच्या शिरेतून भुलीच्या औषधाचा मोठा डोस. शुद्ध आधी जाते, मग श्वास, मग हृदय. बहुधा मिनिट-दोन मिनिटांत. डोळे उघडेच राहतात. नंतर एखादा उसासा येतो, पाय हलतो, लघवी होते. हे आधी माहीत नसलं की घरचे किंचाळतात, ‘डॉक्टर, जिवंत आहे!’ नाही. स्नायू सैल पडतात तेव्हा असं होतं. खाली जुनी चादर घाला. आणि शक्यतो जवळ थांबा, त्याला तुमचा वास ओळखीचा असतो. ज्याला बघवत नाही त्याला बळजबरी करू नका, आणि बाहेर थांबला म्हणून नंतर टोचूनही बोलू नका.

लेकरांना खरं सांगा. ‘झोपवलं’ म्हटलं की पोरगं रात्री झोपायला भितं. ‘शेतावर पाठवला’ म्हटलं की ते दर रविवारी शेतावर जाऊ म्हणतं. मेला म्हणा. ती रडतील, रडू द्या. घरात दुसरं कुत्रं असेल तर तेही दोन-चार दिवस कमी खाईल, शोधेल. त्याला शरीर हुंगू द्यायला हरकत नाही, फक्त रोग संसर्गजन्य नसावा. रेबीजची शंका असेल तर मात्र कुणीही हात लावायचा नाही, आधी दवाखान्यात कळवायचं, चावलेल्या माणसानं त्याच दिवशी लस घ्यायची.

पुरायचं तर विहिरीपासून आणि बोअरपासून लांब, आणि खोल, म्हणजे दुसरी कुत्री उकरणार नाहीत. इंजेक्शन दिलेलं शरीर उघड्यावर तर मुळीच टाकू नका. औषध त्यात राहतं, खाणारा घार-कावळाही मरतो. गिधाडं आपण अशीच, मेलेल्या जनावरांच्या अंगातल्या डायक्लोफिनॅकनं संपवली. 2006 ला जनावरांसाठी त्यावर बंदी आली, तोवर आकाश रिकामं झालं होतं. नगरपालिकेकडं जागा मागायला एकट्यानं जाऊ नका. पाच-पन्नास सह्या घेऊन जा, मग खिडकीतला माणूस मान वर करतो. इथं उदगीरला अर्ज तयार करायचा असेल तर मी उद्या सकाळपर्यंत आहे.

संयोजक उभे राहिलेत, प्रश्न चहाच्या वेळी घेऊ. मांजरांचं सगळंच राहिलं. त्यातलं एकच सांगतो, ताप आला म्हणून मांजराला क्रोसिन किंवा कुठलंही पॅरासिटामॉल देऊ नका, एका गोळीनंही ते मरतं. पोरांनो, तुम्हीही लिहून घ्या.