छेद कुठून आणलात?

(सोलापुरात सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

सोलापुरात आरोग्यावर बोलायला कुणी उभं राहिलं की डॉ. कोटणीसांचं नाव निघतंच. मीही काढणार आहे, पण जरा वेळानं.

तुमचा अभ्यासक्रम मी चाळला. बायोस्टॅट म्हणजे आरोग्याचं संख्याशास्त्र आहे, एपिडेमिऑलॉजी म्हणजे साथरोगशास्त्र आहे, व्यवस्थापन, पोषण, पर्यावरण, सगळं आहे. सॉफ्टवेअर तर तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं येतं. तेव्हा त्यावर वेळ घालवत नाही. मी व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बसलो की एकच प्रश्न हमखास विचारायचो: छेद कुठून आणलात? अंश सगळेच आणतात. इतके रुग्ण, इतके मृत्यू, इतक्या अळ्या. हे कितींपैकी, म्हणजे छेद काय, म्हटलं की मुलं आपल्या मार्गदर्शक प्राध्यापकांकडे बघायला लागतात.

घराजवळचंच उदाहरण घ्या. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं. म्हणून दारात बॅरल, मोरीत पिंप, गच्चीवर टाकी. डेंग्यूच्या डासाला याहून काय हवं? अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याला कोरडा दिवस पाळा, म्हणजे साठवलेलं पाणी ओतून भांडी कोरडी करा, असं आपण सांगतो. एका चाळीत मी हे पाठ केलेलं वाक्य म्हटलं, तर एक आजी म्हणाल्या, ‘‘ओतून देते की. उद्याचं पाणी तुमच्या घरून आणू का?’’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजीचं बरोबर होतं. शिवाय नुसतं ओतून भागतही नाही. एडिसची, म्हणजे डेंग्यूच्या या डासाची, अंडी पाण्याच्या रेषेवर भांड्याला चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात. बॅरल आतून खसाखसा घासायला हवा आणि तोंडाला कापड घट्ट बांधायला हवं. त्या आजींना हे पटलं, कारण यात पाणी वाया जात नव्हतं.

आता याच चाळीचा हाऊस इंडेक्स, म्हणजे शंभर घरांमागे किती घरांत अळ्या, तो काढू. समजा 100 घरं आहेत. 20 घरांना कुलूप. उरलेल्या 80 पैकी 8 घरांत अळ्या सापडल्या. तुम्ही लिहिणार 10 टक्के. पण कुलूप का होतं? माणसं कामावर. दिवसभर पाणी भरायला घरी कुणी नाही, म्हणजे त्या घरात साठवण जास्त. त्या 20 पैकी निम्म्या घरांत अळ्या असल्या, तर 100 मागे 18 झाले. तुमचं कॅल्क्युलेटर काही चुकलं नाही. तुम्ही सकाळी अकराला गेलात, तिथे चुकलं.

असाच एक छेद आपल्या जिल्ह्यात फार कष्टानं उभा राहिला आहे. 1987 साली बार्शीत कर्करोगाची नोंदणी सुरू झाली, ग्रामीण भागातली देशातली पहिली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतली 346 गावं. शहरात नोंदणी करायची तर इस्पितळांची रजिस्टरं धुंडाळता येतात. खेड्यातली जी बाई इस्पितळापर्यंत पोचलीच नाही, ती कुठल्या रजिस्टरात सापडणार? म्हणून कार्यकर्ते गावोगाव फिरले, पारावर बसले, लक्षणं समजावून सांगितली, कोण आजारी, कोण गेलं, विचारत राहिले. गर्भाशयमुखाचा कर्करोग किती पसरलाय, ते त्यातून दिसलं. पुढे शेजारच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायकांवर मोठा अभ्यास झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही, म्हणजे हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूच्या, तपासणीमुळे या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यानं कमी झाले. 2009 साली तो प्रसिद्ध झाला. मात्र तुलनेच्या गटातल्या बायकांना तपासणी दिली गेली नव्हती, आणि त्यावर पुढे बरीच टीका झाली. तो वादही वाचा. दोन्ही बाजू वाचून स्वतःचं मत बनवा. मी माझं आज सांगणार नाही, नाहीतर तुम्ही तेच परीक्षेत लिहाल.

आता माझी चूक. पहिल्या सर्व्हेत मी विडी कामगार बायकांसाठी फॉर्म केला. प्रश्न होता, ‘आपण तंबाखूचे सेवन करता का?’ सेवन! बहुतेक जणी ‘नाही’ म्हणाल्या आणि मी खूश. दिवसभर तंबाखू हाताळणाऱ्या बायका, पण स्वतः दूर, असं सुंदर वाक्य रिपोर्टात टाकायचं ठरवलं होतं. एका घरी ‘नाही’वर खूण केली, तेवढ्यात त्या बाईनं मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं, कोनाड्यातली डबी काढली आणि काळी पूड बोटानं हिरड्यांवर फिरवत माझ्या पुढच्या प्रश्नाची वाट बघू लागली. मिशरी. तव्यावर जाळलेली तंबाखूच ती. तिच्या लेखी ते दात घासणं होतं. ती खोटं बोलली नव्हती. ‘दात कशानं घासता?’ असा प्रश्न घालून मी सगळी घरं पुन्हा फिरलो. उन्हाळा होता, आणि सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको.

आणि त्यातल्या कितीतरी घरांत मराठी फॉर्म वाचून मी त्यांच्या मुलाकडून तेलुगूत उत्तरं घेत होतो. दहा वर्षांचा मुलगा आईला पाळीबद्दल विचारणार! आता कोटणीस. 1938 मध्ये ते युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला गेले, 1942 मध्ये तिथेच वारले, हे तुम्हाला पाठ आहे. ते चिनी बोलायला शिकले होते, हे मात्र आपण भाषणात सांगत नाही. तुम्हाला तर शहराच्या पूर्व भागात, तेलुगू बोलणाऱ्या वस्तीत जायचंय, रिक्षानं. चाळीस वाक्यं तेलुगू शिकायला एक महिना पुरतो.

पुढच्या आठवड्यात तुमचं फिल्डवर्क आहे. कुलूपबंद घरांची यादी वेगळ्या वहीत ठेवा आणि संध्याकाळी साडेसातनंतर तिथे परत जा. दार उघडलं की फॉर्म लगेच बाहेर काढू नका. आधी विचारा, पाणी कधी आलं होतं. पुढचा अर्धा तास तुम्हाला काही विचारावंच लागणार नाही.